लोंबता कोपरा

गेल्या वर्षी हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सकाळचं दूध माझ्याकडे आलं. दूध आणायचो मीच. पण पिशवी कापणं, दूध तापवणं ही खाती माझी नव्हती. पहिल्याच दिवशी कात्रीनं कोपरा उडवला, दूध पातेल्यात ओतलं आणि पिशवी डब्यात टाकली. आतून आवाज आला, "अहो, पिशवी विसळलीत का?"

इतकी वर्षं मी आमच्या स्वयंपाकघराच्या टाइल्सवर चिकटलेल्या पिशव्या बघत होतो. ओली पिशवी टाइलला घट्ट धरून बसते, वाळली की आपसूक ओट्यावर गळून पडते. पुढे तिचं काय होतं, हे मात्र कधी विचारलं नव्हतं. सिंकखालच्या कापडी पिशवीत घडी करून ठेवलेल्या शे-दीडशे पिशव्या निघाल्या, तेव्हा कळलं. विसळलेलं पहिलं पाणी पातेल्यात, दुसरं कढीपत्त्याच्या कुंडीत, अशीही वाटणी ठरलेली होती.

लहानपणी गिरगावात मी पहाटे आरेच्या केंद्रावर रांगेत उभा राहायचो. एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात काचेच्या रिकाम्या बाटल्या. रिकाम्या द्यायच्या, भरलेल्या घ्यायच्या. बाटली न धुता नेली तर आईची बोलणी बसत. बाटलीचं अॅल्युमिनियमचं पातळ टोपणसुद्धा आम्ही फेकत नसू. गणपतीच्या आराशीत त्यांच्या माळा व्हायच्या. पुढे पिशव्या आल्या, रांग गेली, काच फुटायची भीती गेली. आणि परत द्यायचं काही उरलंच नाही.

महिनाभरात मी विसळण्यात तरबेज झालो, तरी चूक राहिलीच होती. कचरा न्यायला 'स्वच्छ'च्या ताई येतात. कचरावेचकांची ही सहकारी संस्था 2008पासून पुण्यात घरोघरी फिरते. एके दिवशी ताईंनी ओल्या कचऱ्याच्या बादलीत हात घालून निळा, नखाएवढा त्रिकोण काढून दाखवला. "काका, पिशवी रोज धुऊन ठेवता, मग हा का सोडता?"

मी दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापत होतो. तो कधी भाजीच्या देठांत जायचा, कधी सिंकच्या जाळीत. ताई म्हणाल्या, "चीर द्या, पण तुकडा लोंबता ठेवा. एवढ्याशा तुकड्यांना कोण वेचणार?" त्या दुपारी मी सोसायटीच्या खताच्या खड्ड्याशी जाऊन काठीनं उकरलं. काळ्याभोर खतात निळे, हिरवे, नारिंगी त्रिकोण जसेच्या तसे. पालापाचोळ्याचं खत झालं होतं, त्यांचं काही झालं नव्हतं. दिवसाला दोन पिशव्या म्हणजे वर्षाला 730 कोपरे, एकट्या आमच्या घरचे.

उत्साहाच्या भरात मी दुकानातही गेलो. 2018च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशव्यांना सूट मिळाली ती अटींवर: पिशवी जाड हवी आणि परत घेण्याची किंमत, निदान 50 पैसे, तिच्यावर छापायला हवी. दहा पिशव्या काउंटरवर ठेवून मी पाच रुपये मागितले. दुकानदार हसला. "काका, घेतो; पण ठेवू कुठे? दूध टाकणारी गाडी काही परत नेत नाही." त्याचंही चूक नव्हतं. बाटल्यांच्या वेळी तीच गाडी रिकाम्या बाटल्याही न्यायची, हा सगळा फरक.

रद्दीवाला मात्र नेतो. दुधाची पिशवी पॉलिथिनची. वितळवून तिचे दाणे करतात आणि त्यातून पाइप, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या असलं काहीबाही होतं. अट एकच, ती धुतलेली आणि कोरडी हवी. आत दूध राहिलं की दोन दिवसांत घाण वास सुटतो, मग त्या पिशव्यांना कुणी हात लावत नाही.

नातू राहायला आला की टेट्रापॅकची खोकी जमतात. ती रद्दीवाला घेत नाही. दिसायला पुठ्ठा, पण त्यात कागद पाऊण भाग, बाकी पॉलिथिन आणि अॅल्युमिनियमचा पापुद्रा. पाण्यात घुसळून कागदाचा लगदा सोडवावा लागतो, उरलेल्या चोथ्याचे दाबून पत्रे करतात. हे काम ठरावीक कारखान्यांतच होतं. आम्ही खोक्याचे कान उलगडतो, विसळतो, चपटं करून ताईंकडे वेगळं देतो.

दिवाळीआधी पिशव्या रद्दीवाल्याच्या काट्यावर चढल्या. साडेपाच महिन्यांच्या, सव्वातीनशेच्या वर पिशव्या, आणि वजन भरलं जेमतेम एक किलो. त्यानं पंधरा रुपये दिले. ते हिनं ताईंच्या दिवाळीच्या पाकिटात घातले.

तिचा गुडघा आता ठीक आहे, कात्री अजून माझ्याकडेच आहे. उद्या सकाळी तुम्ही पिशवी कापाल, तेव्हा कोपरा तेवढा लोंबता ठेवा.