गर्बर पाठवण्याआधी

पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर गेलं की घरी सर्किट बोर्ड बनवायला लागणारे कॉपर क्लॅडचे तुकडे आणि फेरिक क्लोराइड अजूनही मिळतं. लेझर प्रिंटरवर काढलेलं चित्र इस्त्री फिरवून तांब्यावर उतरवायचं, द्रावणात बोर्ड हलवत बसायचं, मग एकेक भोक पाडायचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी मंडळींची अख्खी पिढी यात घडली. बेसिनवरचे डाग निघत नसत, आणि त्यावरून घरच्यांची बोलणी खावी लागत ती वेगळीच.

आता शेनझेनमधल्या जेएलसीपीसीबीसारख्या कारखान्यात दहा सेंटिमीटर चौरसाच्या आतले पाच साधे बोर्ड काही डॉलरांत होतात. त्यांना इथवर आणायलाच बहुधा जास्त पैसे पडतात! एका मोठ्या पॅनेलवर अनेक गिऱ्हाइकांची डिझाइन्स शेजारी शेजारी बसवल्यामुळे हा दर परवडतो. अमेरिकेतलं ओश पार्क याच पद्धतीनं तीन-तीन बोर्ड देतं, तेही जांभळे.

हातकाम संपलं, तरी डोकं लागतंच. कायकॅड हे १९९२ साली ज्याँ-पिएर शारा यांनी सुरू केलेलं, सर्किट बोर्ड आखण्याचं मोफत सॉफ्टवेअर. त्यात डीआरसी, म्हणजे डिझाइनच्या नियमांची तपासणी, निर्दोष आली की हात लगेच कारखान्याला पाठवायच्या गर्बर फायली झिप करायला धावतात. पण डीआरसी मुख्यतः अंतरं आणि जोडण्या तपासते. हातात कुठला पार्ट येणार, हे तिला काय ठाऊक? बीसी५४७ आणि २एन३९०४ दोन्ही एनपीएन ट्रान्झिस्टर, दिसायलाही सारखेच. सपाट बाजू समोर धरली तर पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुसऱ्याचे एमिटर, बेस, कलेक्टर. एकाच्या जागी दुसरा लावला तर सोल्डरिंग सुरेख होतं, सर्किट मात्र ढिम्म.

ईएसपी३२च्या तयार बोर्डांचीही तीच गत. पिनांच्या दोन रांगांमधलं अंतर सगळ्यांचं सारखं नसतं.

म्हणून पार्ट आधी विकत घ्यावेत, बोर्ड मागाहून काढावा. डिझाइन शंभर टक्के आकारात कागदावर छापावं, कागद थर्मोकोलवर ठेवावा आणि पार्टचे पाय त्यात खुपसून पाहावेत. गर्बर फायली वेगळ्या व्ह्यूअरमध्ये उघडाव्यात. ड्रिलची फाइल सोबत आहे ना, तेही बघावं. पहिल्या बोर्डावर जागेची चिक्कूगिरी तर करूच नये. दहा सेंटिमीटरच्या त्या मापाच्या आत बोर्ड लहान केला म्हणून बिल फारसं उतरत नाही. तेव्हा टेस्ट पॉइंट, स्क्रूची भोकं आणि आवृत्तीचा क्रमांक यांना खुशाल जागा द्या.