देव आणि देव्व

6 डिसेंबर 2014 च्या रात्री तेव्हाचे मंत्री सतीश जारकीहोळी बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानभूमीत मुक्कामाला राहिले. लोकांच्या मनातली भुताखेतांची भीती जावी, हा हेतू. पुढेही बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी तिथे असे कार्यक्रम होत राहिले. ती बातमी वाचली आणि मी गोकाकच्या मामेभावाला फोन लावला. "आपण त्यांच्या आधी जाऊन आलोय!" म्हटल्यावर तो खो-खो हसत सुटला.

आमचं गाव निपाणीहून तवंदी घाटाकडे जाताना लागतं. मामेभाऊ सुट्टीला आला होता. त्याला मराठी जेमतेम, माझं कन्नड "ऊट आयता?"च्या पुढे गेलेलं नाही. निपाणीत सेकंड शो बघून डबलसीट परत निघालो. चढावर, नेमकं मसणवटीसमोर, सायकलची चेन पडली. चाक थांबलं तसा डायनामोचा दिवाही गेला. काळाकुट्ट अंधार! आणि त्या अंधारात, कमरेएवढ्या उंचीवर, एक लाल ठिपका वरखाली होत होता.

"देव्व! देव्व!" मामेभाऊ किंचाळला.

मला वाटलं, हा देवाचा धावा करतोय. मीही भक्तिभावाने हात जोडले. हात सुटल्याबरोबर सायकल धाडकन आडवी. कन्नडमध्ये देव्व म्हणजे भूत, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं!

"यारप्पा अल्ली?" भुताने विचारलं. आमची दातखीळ बसलेली. मग भूत मराठीत आलं, "चेन पडली व्हय रं पोरानू?"

बिडी ओढत एक माणूस पुढे आला. मागे विझत आलेल्या चितेची धग होती. त्याने चाचपडत चेन बसवून दिली. एवढ्या रात्री एकटाच इथे कसा, म्हणून मी भीतभीत विचारलं.

"आई हाय माजी. सांजच्याला दिली. तंबाकूच्या वखारीत जलम काढला, पर अंधाराला लई भ्यायची. आज पयलीच रात. म्हटलं, बसावं जरा."

आम्ही काहीच बोललो नाही. मामेभाऊ हळूच त्याच्याजवळ दगडावर बसला, मीही बसलो. तो आईबद्दल कधी कन्नडमध्ये, कधी मराठीत सांगत राहिला. कोंबडा आरवला तेव्हा त्यानेच आम्हाला घरी पिटाळलं. घरी आईचा जो प्रसाद मिळाला, त्यापुढे मसणवट बरी!

आता तिथून गाडी भुर्रकन जाते. तरी मी तिथे वेग कमी करतो. मामेभाऊ शेजारी असला की गप्प होतो. मग दोन मैलांवर गेल्यावर हमखास म्हणतो,

"पण भुताला नमस्कार करणारा तूच हं पहिला!"