ढिली बैठक

घरांतील एखाद्या वस्तूवर आपला किती विश्वास आहे, हें ती डळमळूं लागेपर्यंत ध्यानांत येत नाहीं. केळीच्या बागांनीं वेढलेल्या आमच्या अर्धापुरांत मातोश्रींच्या गुडघ्यांनीं उकिडवें बसण्यास साफ नकार दिला, तेव्हां जुन्या भांड्याच्या जागीं कमोड आला. वर्षभरानें त्याची बैठक एका अंगास सरकूं लागली. तरण्या माणसास ही नुसती कटकट. परंतु ऐंशीच्या घरांतील बाई जेव्हां अंगाचा सारा भार तिच्यावर टाकते, तेव्हां बैठक बोटभर सरकली तरी मांडीचें हाड मोडण्याचें भय असतें.

नळकाम करणारा कारागीर नांदेडहून यावयाचा. एवढ्याशा कामासाठीं तो ‘उद्यां येतों’ म्हणाला, आणि तें उद्यां आठवडाभर लांबलें. शेवटीं आम्हीच पक्कड शोधूं लागलों. तें पाहून मातोश्री म्हणाल्या, “अरे, तूं कशाला हात लावायलास त्याला? माणूस बोलाव की कुणी.”

या ‘कुणी’मध्यें आपल्या समाजाचा केवढा इतिहास दडलेला आहे! संडासाचें काम दुसऱ्याचें, आणि तो दुसरा कोणत्या जातीचा हेंहि आधींच ठरलेलें. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत एम. ए. झालेल्या अप्पासाहेब पटवर्धनांनीं सफाईचें हेंच काम आपणांस द्यावें अशी मागणी केली. सरकारनें ती नाकारली, तेव्हां अप्पासाहेबांनीं अन्नाचा त्याग आरंभिला आणि येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनींहि त्यांच्यासाठीं उपवास धरला. हातानें मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध पुढें १९९३ व २०१३ सालीं कायदे झाले. पण मनांतला ‘कुणी’ कायद्यानें जात नाहीं.

प्रत्यक्ष काम सोपें निघालें. बैठकीच्या मागील बाजूस दोन लहान झांकणें असतात. तीं उघडलीं कीं बोल्टांचीं डोकीं दिसतात. हे बोल्ट चिनी मातीच्या भोंकांतून खालीं उतरतात आणि तेथें नट त्यांस धरून ठेवतात. रोजच्या बसण्याउठण्यानें नट हळूहळू सुटतात, आणि भोंकें बोल्टांहून किंचित् मोठीं असल्यामुळें बैठक वांकडी होते. आम्हीं प्रथम नट आणखी ढिले केले, सांचलेली घाण साबणाच्या फडक्यानें पुसली, बैठक भांड्याच्या मधोमध आणली, रबरी वॉशर जागेवर आहेत हें पाहिलें, आणि दोन्ही नट आळीपाळीनें हातानें आवळले. अखेर पकडीनें पाव वेढा दिला. याहून अधिक जोर केल्यास चिनी माती तडकते.

अवघड होतें तें निराळेंच. नट खालीं असतात. त्यांच्यापर्यंत पोंचण्यास गुडघे टेकून मान भांड्याशेजारीं न्यावी लागते. तीस वर्षें व्यासपीठावर उभें राहून समतेवर बोलण्यापेक्षां हें वांकणें जड गेलें, आणि पुस्तकांतून न कळलेलें बरेंच कांहीं तेथें कळलें.

तेव्हां वाचकांनीं महिन्यांतून एकदां आपल्या घरची बैठक हातानें हलवून पाहावी, विशेषतः घरांत वृद्ध माणूस असेल तर. ढिली असेल तर स्वतःच आवळावी, आणि मुलांस शेजारीं बसवून तें काम दाखवावें. मोठ्या कामासाठीं कारागीर आला, तर आपण ज्या कपांतून चहा पितों त्याच कपांतून त्यासहि द्यावा.