ओकायामाची थोरली, पुण्याची धाकटी

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

ओकायामाच्या कोराकुएन बागेचा फोटो पोचला. "ही तर सिंहगड रस्त्यावरची आपली बाग!" असं तू लिहिलंस आणि आत्याचा चहा गार झाला. अगं, नातं उलटं आहे. पुण्याचं पु. ल. देशपांडे उद्यान हे कोराकुएनवरून बेतलेलं, म्हणून तर त्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असंही म्हणतात. पुलंनी 'पूर्वरंग'मध्ये जपानवर लिहिलंय. ते पुस्तक तुझ्या बॅगेत घातलं होतं, उघडलंस का?

थोरलीची हौस ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याची. १६८७ मध्ये काम सुरू झालं, १७०० मध्ये पुरं झालं. फोटोत मागे दिसणारा काळा किल्ला बागेतला नाहीच, तो आसाही नदीच्या पलीकडे आहे. बाग आखणाऱ्यांनी तो आपल्या देखाव्यात ऐसपैस बसवून घेतला. आपल्याकडे समोर डोंगर दिसला की आधी त्याच्या आड वाढदिवसाचा फ्लेक्स उभा राहतो.

आत्याच्या डोळ्यांपुढून मात्र र्‍युतेन हलत नाही. लाकडी खांबांवर उभी वास्तू, खालच्या मजल्याला भिंती नाहीत, मिरवण्यासारखं नक्षीकाम नाही. मधोमध उथळ पाण्याचा पाट आणि त्यात वेगवेगळ्या छटांचे सहा दगड. पाणी लागतं तिथे दगड गडद, वर कोरडा राहतो तिथे फिका. आम्ही तिथे गेलो तेव्हा आत्या बसली ती बसलीच. काका मागे उभे राहून घड्याळ दाखवत होते.

आणि सरदाराच्या बागेत भाताची खाचरं, चहाचा मळा! आपल्या कोकणातल्या पणजीला हे सांगितलं असतं तर तिने पदर तोंडाला लावला असता.

१९३४ च्या पुराने बागेची नासधूस केली. १९४५ च्या बाँबहल्ल्यात किल्ला जळाला, बागेतल्या बऱ्याच वास्तूही गेल्या. र्‍युतेन मात्र वाचलं. किल्ला १९६६ मध्ये काँक्रीटचा बांधला. बाग मात्र जुन्या वळणाने उभी राहिली, कारण सरदारांच्या काळातली चित्रं आणि आराखडे कुणीतरी सांभाळून ठेवले होते. आपल्या वाड्याचा साधा नकाशा आज घरात कुणाकडे नाही. चौकातल्या हौदाबद्दल आजोबा जे सांगायचे ते आत्या लिहून काढतेय. टाइप तू करायचंस, आणि देवनागरीत. तुझं ते रोमन मराठी वाचताना चष्मासुद्धा दमतो.

मे महिन्यात कोराकुएनमध्ये चहा खुडण्याचा सोहळा असतो, जरूर जा. उन्हात टोपी घाल. मेतकूट संपलं असेल तर कळव.

तुझी,
आत्या