माइल्ड

बीअर ही थंड मुलखाची चीज असं जे म्हणतात, त्यांनी मे महिन्यातली दुपार लातूर जिल्ह्यातल्या आमच्या निलंग्यात काढलेली नसते. पारा 42 वर, काळी रानं भेगाळलेली, लिंबाच्या सावलीतही फुफाटा. अशा दिवशी ऊन कलल्यावर घामेजलेली गार बाटली समोर आली की युरोपाचा सगळा इतिहास बाजूला राहतो. पावसाळ्यात चहा, हिवाळ्यात हुरडा, बीअर उन्हाळ्याची.

आणि ती माइल्डच. यावरून मित्रांशी उभा जन्म वाद घातला. आमच्याकडच्या परमिट रूममध्ये वेटर “स्ट्राँग ना?” असंच विचारतो. माइल्ड मागणारा एक तर आजारी असतो, नाही तर पुण्याहून आलेला! लोकांचा हिशेब सरळ आहे: पैसे मोजायचेच, तर किक जास्त का नको? माइल्डमध्ये अल्कोहोल 5 टक्क्यांपर्यंत, स्ट्राँगमध्ये 8 पर्यंत. या चढाईत चव मात्र मागे राहते. जिभेवर काहीतरी गोडसर, चिकट रेंगाळतं आणि हॉप्सचा स्वच्छ कडवटपणा, ज्याच्यासाठी बीअर प्यायची, तो सापडतच नाही. कडू नको असेल तर उसाचा रस प्यावा, आमच्या भागात रसवंत्यांना तोटा नाही. ग्लासात बर्फ टाकणाऱ्यांबद्दल तर न बोललेलं बरं. ते वरणात पाणी घालून पाहुण्याला वाढण्यासारखं आहे. चकण्याला भाजलेले शेंगदाणे, कांदा, लिंबू. निलंगा राइस ही गावाची हातगाडीवरची कीर्ती. ती सकाळची, तिला यात ओढू नये.

आजोबांच्या पिढीला बीअर नव्हे, शिंदी ठाऊक. निलंगा तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात. शिंदीवरचा अबकारी कर निजामाच्या खजिन्यात जायचा, म्हणून हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडं तोडणं हा लढ्याचाच भाग झाला. झाडं पडली त्या संध्याकाळी गावोगावच्या पिणाऱ्यांची तोंडं कशी झाली असतील, असा चावट विचार माझ्या मनात येतोच.

बीअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. इतरांना ही नुसती माहिती, लातूर जिल्ह्यात ती टोचते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यानं, मग 60 टक्क्यांनी कापायला सांगितलं. बरोबरच होतं ते. माणसांचे हंडे रिकामे असताना कारखान्याच्या टाक्या भरू नयेत. पण एक गोष्ट मला तेव्हाही खटकली, आजही खटकते. लिटरभर बीअरला कारखान्यात चार-पाच लिटर पाणी लागतं. किलोभर साखरेमागे शेतातलं पाणी दोन हजार लिटरच्या आसपास जातं. बीअरला शिव्या देणं सोपं, उसाला हात लावायचा म्हटलं की सगळे गप्प.

तरी इथलं खरं पीक ज्वारी. दक्षिण आफ्रिकेत ज्वारीची बीअर घराघरांत होते. नायजेरियानं 1988 मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांनी ज्वारीवर लागर काढली आणि लोकांनी ती प्यायली. आपल्याकडे 2007 मध्ये धान्यापासून मद्यार्काचं धोरण आलं, पावसानं काळ्या पडलेल्या ज्वारीचं नाव पुढे केलं गेलं आणि त्यावर रान पेटलं. भाकरीचं धान्य भट्टीत घालायचं का, हा सवाल माझ्या आईनंही केला असता, आणि तिच्यापुढे माझं काही चाललं नसतं. पण भिजून काळी पडलेली, बाजारात कुणी हात न लावणारी ज्वारी शेतकऱ्याकडून नीट भावानं घेऊन कुणी तिची हलकी, कडवट बीअर काढली, तर पहिली बाटली मी घेईन. तीही माइल्ड असेल तर. स्ट्राँग काढणार असाल, तर ज्वारी गुरांनाच घाला.