बघू

घरात आम्ही ‘देखना’ म्हणायचो, शाळेत ‘पाहणे’ आणि गल्लीत ‘बघणे’. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आम्ही पोरं गच्चीवर चढायचो. ‘चाँद दिख्या!’ अशी आरोळी उठली की शेजारच्या काकू विचारायच्या, ‘दिसला का रे?’ चंद्र एकच होता आणि शब्दांची अडचण कुणालाच नव्हती.

या एका क्रियेसाठी मराठीत शब्द तरी किती! न्याहाळणे, निरखणे, टेहळणे, डोकावणे. त्यांच्यातच अरबी ‘नजर’ फारसीच्या वाटेने आली आणि नजरचूक, नजरकैद होऊन इथलीच झाली. तिला कुणी परकी म्हणत नाही.

पुढे शहरात भाड्याची खोली शोधताना ‘बघणे’चा आणखी एक अर्थ आम्हाला कळला. मालक हौसेने खोली दाखवायचे, चहा विचारायचे. नाव सांगितलं की म्हणायचे, ‘बघू.’ हा ‘बघू’ म्हणजे नकार, हे समजायला चार-पाच जिने उतरावे लागले. ‘नजर’ या शब्दाला मराठीने घर दिलं. आम्ही तर याच मातीत जन्मलेलो.

शेवटी एका निवृत्त मास्तरांनी नाव ऐकलं, चष्मा पुसून आमच्याकडे नीट पाहिलं आणि किल्ली हातावर ठेवली.