मालकाला वाचता येणारी वही

जुन्या पेढीवर मुनीमजी रोजकीर्द लिहीत, खतावणी करीत आणि वर्षअखेरीस तेरीज जुळवीत. मालक मात्र केव्हाही वही उघडून कोणाकडे किती येणे आहे, हे स्वतः पाहू शके. पेढीवरील त्याचा अंमल या वाचण्यात होता.

संगणक आला आणि हा अंमल सैल होऊ लागला. हिशेबाच्या सुरुवातीच्या अनेक प्रणालींत प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक असे. ज्या घराशी दोन पिढ्यांचा व्यवहार, ते घर आकड्याने ओळखावे लागे. आणि ते आकडे जाणणाऱ्या ऑपरेटरवाचून मालकाचे पान हलेनासे होई.

श्यामसुंदर गोयंका हे गिरण्या-कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरविणारे व्यापारी. आपल्या कामास योग्य प्रणाली मिळेना, तेव्हा त्यांनी गणिताचे पदवीधर असलेले पुत्र भारत यांना ती घडविण्यास सांगितले. १९८६ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या त्या उद्योगातून पुढे ‘टॅली’ आकारास आली. तिच्यात सांकेतिक क्रमांकांची सक्ती नव्हती; खाते नावानेच उघडावे. पैसे दिले तर एफ५, आले तर एफ६, विक्रीस एफ८, खरेदीस एफ९. व्यापाऱ्याने यंत्राची भाषा शिकण्याऐवजी यंत्रानेच पेढीची भाषा शिकली. भारत गोयंका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

तथापि सोपेपणालाही मर्यादा हवी. वहीत चुकलेली रक्कम खोडली तरी खोडल्याची खूण राही; संगणकावर नोंद पुसणे फारच सोपे. म्हणून १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब प्रणालीत प्रत्येक फेरबदल तारखेसह नोंदला जाणे, आणि ती सोय बंद करता न येणे, नियमाने बंधनकारक झाले. लिहिणे सोपे असावे, वाचणे त्याहून सोपे असावे. मागमूस न ठेवता पुसणे मात्र अशक्य असावे.

आज अनेक घरांतील मुले-मुली अशा प्रणाली तयार करतात. त्यांनी पडद्याच्या रंगसंगतीपूर्वी एक कसोटी लावून पाहावी : ऑपरेटर रजेवर असताना गादीवरचे वडील एखाद्या गिऱ्हाईकाची बाकी कोणालाही न विचारता काढू शकतात काय? त्यांना ते जमले, तरच प्रणाली पेढीची झाली.